बावीस मुलांच्या हातून गेलेली वस्तू

"मास्तर, ही जखम भाजल्याची आहे," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "पण विस्तवानं भाजल्याची नाही. गेल्या महिनाभरात तुम्ही एखादी धातूची वस्तू खिशात ठेवली होती का?"

मुंबईच्या इस्पितळातला आमचा तो तिसरा दिवस होता. तोवर चार डॉक्टरांनी माझी मांडी पाहिली होती. कुणाला ती नागीण वाटली, कुणाला मधुमेहातला फोड. या बाई मात्र क्ष-किरण आणि रेडियमच्या विभागातल्या होत्या. त्यांनी जखमेला हात लावण्याआधी माझा नेहरू शर्ट मागून घेतला, तो माझ्या अंगावर धरला आणि बाजूचा खिसा कुठे येतो ते पाहिलं. खिसा बरोबर जखमेवर आला.

"होती," मी म्हणालो. "रस्त्यात सापडली होती. बोटाच्या पेराएवढी, पोलादी, चकचकीत. एका टोकाला कडी होती."

"किती वेळ होती खिशात?"

"सापडली तिथून शाळेपर्यंत चालत गेलो तेवढा. अर्धा तास असेल."

"आणि आता कुठे आहे?"

"शाळेत. माझ्या टेबलाच्या खणात."

त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "वर्गात मुलं किती आहेत?"

"बावीस," मी म्हणालो. ती वस्तू मी नुसती खणात ठेवली नव्हती.

ज्यांच्यावर किंवा ज्यांच्या घरच्यांवर अशी वेळ येईल त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. तेव्हा तारापूरला अणुवीज केंद्र उभं राहत होतं आणि आमच्या भागात रोज नवी माणसं, नव्या मोटारी दिसत. मी किनाऱ्यावरच्या एका कोळी गावात प्राथमिक शिक्षक होतो. बोईसरला भाड्याच्या खोलीत मी आणि माझी पत्नी शालिनी राहत असू, आणि रोज मी शाळेपर्यंत पायी जात असे.

वाटेवर एका बाहेरगावच्या कंत्राटदाराचं मोठे लोखंडी नळ जोडण्याचं काम चालू होतं. वीज केंद्राशी त्याचा संबंध नव्हता, हे इथेच सांगतो, कारण पुढे लोकांनी भलतंच बोलायला सुरुवात केली. नळांचे सांधे नीट जुळले की नाही हे पाहायला ही माणसं एक किरण सोडणारी वस्तू वापरत. क्ष-किरणानं हाडाचा फोटो निघतो तसा तिच्यानं लोखंडाचा निघतो. ती शिशाच्या जाड पेटीत ठेवायची असते. ती कशी कोण जाणे, पेटीतून गळून चिखलात पडली होती.

मला ती सकाळी दिसली. चिखलातही चमकत होती. चौथीला त्या आठवड्यात धातूंचा पाठ होता. मी ती पुसली आणि खिशात टाकली.

वर्गात मी म्हणालो, "ही वस्तू प्रत्येकानं हातात घ्यायची, वजन बघायचं आणि कशाची असेल ते सांगायचं." वस्तू पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत गेली. कुणी म्हणालं पेनाचं टोपण, कुणी म्हणालं बंदुकीची गोळी. रेवा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीनं ती सगळ्यांत जास्त वेळ धरली. चिमटीत उलटसुलट फिरवून ती म्हणाली, "मास्तर, ह्ये जाल्याचं शिसं हाय." जाळं पाण्यात बुडावं म्हणून कडेला लावतात ते. सगळा वर्ग हसला. मीही हसलो. मग ती वस्तू खडूच्या रिकाम्या खोक्यात घालून मी खणात ठेवली आणि विसरून गेलो.

त्या संध्याकाळी थोडं मळमळलं. आठ दिवसांनी मांडीवर रुपयाएवढा लाल डाग उठला. खाज सुटे, आग होई. शेजारच्यांनी नागीण म्हणून लेप लावला. पंधरा दिवसांनी त्यावर फोड आले. पालघरच्या डॉक्टरांनी पेनिसिलिन दिलं. फोड फुटले, आणि खालची कातडी काळी पडून निघून आली. रात्रंदिवस एकच ठणका. तेव्हा पालघरच्याच डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि म्हणाले, "हे माझ्या हातातलं नाही. मुंबईला जा. उशीर करू नका."

डॉक्टरीण बाईंनी मला त्या दुपारी समजावून सांगितलं. याला रेडिएशन बर्न म्हणतात, म्हणजे किरणांनी भाजणं. लागताना कळत नाही. कातडीच्या आतली नव्या पेशी तयार करणारी जागाच मरते, आणि दोन-तीन आठवड्यांनी जुनी कातडी झडली की जखम वर येते. किरण शरीरात खोल गेले तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. त्यांच्या मोजणीला व्हाइट सेल काउंट म्हणतात. त्या पेशी कमी झाल्या की साधा तापही जिवावर बेततो.

"आणि मुलं?" मी विचारलं.

"हातात किती वेळ होती?"

"प्रत्येकाच्या थोडा थोडा."

"मग बहुतेकांना काही होणार नाही. पण हे मी रक्त तपासल्याशिवाय म्हणणार नाही. आधी ती वस्तू तिथून हलली पाहिजे. ती आत्ता, आपण बोलतोय तेव्हाही, किरण सोडतेच आहे."

आत्ता. तो शब्द ऐकल्यापासून मला पलंगावर पडून राहवेना. शालिनी बाहेर बाकावर बसली होती. मी तिला आत बोलावून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, रेवाच्या आईला मागच्या पंधरवड्यात मुलगा झाला. तुम्हीच सांगितलंत." तिनं ते का म्हटलं हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच सुचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी किरण मोजणारे एक अधिकारी दोन माणसं घेऊन जीपनं गावाकडे निघाले. त्यांचं नाव गद्रे. आम्ही निरोपाची वाट पाहत बसलो. माझं रक्त काढून नेलं. पांढऱ्या पेशी कमी आल्या होत्या, पण धोका नव्हता. मला ते ऐकूच आलं नाही. वॉर्डाचं दार उघडलं की मी मान वर करायचो.

संध्याकाळी गद्रे आले ते रिकाम्या हातानं. त्यांचे बूट चिखलानं भरले होते.

"खणात काही नाही," ते म्हणाले. "खोकंही नाही. शाळेत कुठेच नाही. किरण मोजायचं यंत्र गप्प आहे. आम्ही कोळीवाड्यात जायला निघालो तर लोकांनी जीप अडवली. बाया आडव्या उभ्या राहिल्या."

मला कारण कळलं. त्या वर्षांत जीप आली की जमीन जायची. यंत्र घेऊन फिरणारा माणूस म्हणजे मोजणीवाला. शाळा गावाबाहेर, टेकाडाच्या कडेला होती आणि कोळीवाडा तिथून बराच खाली, खाडीच्या अंगाला. तिथे गेल्याशिवाय यंत्राला काही लागणार नव्हतं.

"उद्या पोलीस घेऊन जाऊ," गद्रे म्हणाले.

"पोलीस आले तर ज्याच्याकडे असेल तो ती कुठेतरी लपवून ठेवील," मी म्हणालो. "मला न्या."

डॉक्टरीण बाई आधी नाही म्हणाल्या. मग त्यांनी स्वतः जखम बांधली, पायाखाली उशी द्यायला सांगितली आणि शालिनीला म्हणाल्या, "ताप आला तर तिथून लगेच परत फिरायचं. मास्तरांचं ऐकायचं नाही."

श्रावणातला पाऊस होता. मनोरच्या पुढे जीप दोनदा रुतली. प्रत्येक धक्क्याला मांडीतून कळ जायची. पण खरं सांगतो, मला भीती दुखण्याची नव्हती. गावात उतरल्यावर काय बोलायचं याची होती. मी वस्तू कुणी नेली एवढं विचारून मोकळा होऊ शकत होतो. मुलांच्या हातून ती मीच फिरवली हे सांगायची तशी गरज नव्हती. कुणी सांगितलंही नसतं, मुलं ते केव्हाच विसरली होती.

देवळापुढच्या मंडपात माणसं जमली. मला खुर्ची दिली. तोंडं आवळलेली होती. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मास्तर, ही मोजनीवाली मान्सं तुमी आनली?"

"हे जमीन मोजायला आलेले नाहीत," मी म्हणालो. मग मी शालिनीला जखमेवरची पट्टी सोडायला सांगितली. बाया पदर तोंडाला लावून मागे सरल्या.

"हे एका एवढ्याशा लोखंडानं झालंय," मी म्हणालो. "ते मी रस्त्यावर उचललं. आणि मी ते तुमच्या बावीस पोरांच्या हातात दिलं. प्रत्येकाच्या. मला ठाऊक नव्हतं, पण दिलं मीच. त्याचा जाब तुम्ही मला नंतर विचारा. आता ते खणात नाही. कुणी नेलं असेल तर त्यानं चोरी केलेली नाही. पण ते ज्याच्या घरात आहे, तिथली माणसं या घडीला भाजतायत."

पत्र्यावर पावसाचा आवाज होता. मागून एक बाप ओरडला, "माज्या पोराला काय जालं तर मास्तर, तुमाला सोडनार नाय!" तो पुढे यायला लागला. दोघांनी त्याला धरलं.

त्या गडबडीत हिराबाय उभी राहिली. ही रेवाची आजी. शाळा झाडायचं काम तीच करायची. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी नेलं," ती म्हणाली. "मागल्या आठवड्यात खण साफ केला. खडूचा भुगा व्हता, खोका फेकून दिला. रेवा बोलली व्हती, मास्तरांकडं शिसं हाय. मना वाटलं टाकलेलं हाय. जाल्याला लावलं."

"जाळं कुठं आहे?" गद्रेंनी विचारलं.

"पावसात व्हडी वर काढलेली हाय, तं जालं घरीच. मागल्या कुडाला भायेरून टांगलंय." तिचा आवाज फुटला. "कुडाच्या आतल्या अंगाला सून निजते. बालंतीन."

गद्रे धावले नाहीत. त्यांनी आधी घड्याळ पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "आजी, तुमच्या सुनेला हाक मारा. बाळाला घेऊन पुढच्या दारानं बाहेर यायला सांगा. पांघरूण, भांडी काही घ्यायचं नाही. कुणी मागच्या बाजूला जायचं नाही."

सून बाळाला छातीशी धरून पावसात बाहेर आली. आजूबाजूची पाच घरं रिकामी केली. मी जीपमध्ये बसून पाहत होतो. यंत्र आता सारखं टकटकत होतं, आणि ते घराच्या जवळ नेलं की टकटक जुळून एकच कर्रर्र आवाज होई. ज्या लोकांनी आदल्या दिवशी जीप अडवली होती ते तो आवाज ऐकून आपण होऊन मागे सरकले.

गद्रेंनी तिथेच उभ्या उभ्या लोकांना तीन गोष्टी सांगितल्या, आणि त्या मी पुढे किती वेळा सांगितल्या त्याला गणती नाही. किरणांपासून वाचायचं तर लांब राहायचं, कारण दुप्पट लांब गेलं की मार चौथाईवर येतो. जवळ जावंच लागलं तर कमीत कमी वेळ थांबायचं. आणि मध्ये जाड आडोसा घ्यायचा, शिशाचा, दगडाचा, मातीचा.

गावातल्या पुरुषांनी टोपल्यांनी वाळू आणून पोत्यांत भरली आणि लांबूनच त्यांची छातीएवढी भिंत रचली. गद्रेंनी हिराबायकडून दुसरं जाळं आणि साधं शिसं मागितलं. दूर एका झाडाला ते जाळं टांगून त्यांनी सराव केला. बांबूच्या टोकाला कोयता बांधलेला, दुसऱ्या माणसाच्या हातात लांब चिमटा. दोरी कापायची, चिमट्यात धरायचं, शिशाच्या भांड्यात टाकायचं, झाकण लावायचं. पहिल्यांदा शिसं चिखलात पडलं. दुसऱ्यांदा दोरी नीट कापली गेली नाही. गावातला एक कोळी पुढे झाला आणि म्हणाला, "सायेब, गाठ अशी कापत नाय. खालून वर." तिसऱ्यांदा जमलं. तरी त्यांनी चौथ्यांदा करून पाहिलं.

मग ते वाळूच्या भिंतीआडून पुढे गेले. मी मनात आकडे मोजत होतो. अठ्ठावीसला झाकण बसल्याचा आवाज आला, आणि यंत्राची कर्रर्र थांबून पुन्हा तुटक टकटक सुरू झाली. बाळंतीण एका ओसरीवर बसली होती. तिनं विचारलं, "माज्या पोराला आता पाजू ना?"

"पाजा," गद्रे म्हणाले. "दुधात काही जात नाही. वस्तू फुटलेली नाही, त्यामुळे कुणाच्या अंगाला, पाण्याला, घराला काही चिकटलेलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून शाळेत रक्त तपासणी सुरू झाली. डॉक्टरीण बाई स्वतः आल्या. मी इस्पितळात परत गेलो होतो, मला बातम्या शालिनीकडून आणि चिठ्ठ्यांमधून कळत. एकवीस मुलांचं रक्त ठीक निघालं. रेवाचंही ठीक होतं, पण तिच्या उजव्या अंगठ्याची आणि त्याशेजारच्या बोटाची टोकं लाल होऊन सोलवटली होती; हिराबायच्या बोटांचंही तेच झालं होतं. रेवाच्या आईच्या पांढऱ्या पेशी बऱ्याच खाली गेल्या होत्या, बाळाच्या थोड्या. तिला आणि बाळाला मुंबईला आणलं, आणि महिनाभर ती माझ्या खालच्या मजल्यावर होती. तिला ताप येऊ नये म्हणून कुणाला भेटू देत नसत. रोज सकाळी काउंट यायचा. शालिनी जिन्यात उभी राहून नर्सला विचारायची आणि वर येऊन मला फक्त "वर गेला" किंवा "तेवढाच आहे" म्हणायची. ते दिवस कसे गेले हे लिहिता येत नाही. पाचव्या आठवड्यात ती बाळाला घेऊन घरी गेली.

गावाला दुसरीच झळ लागली. बोईसरच्या बाजारात त्या गावची सुकी मासळी कुणी घेईना. "किरणं लागलेले बोंबील" म्हणत. नातेवाईक येईनासे झाले. शालिनी अधूनमधून बोईसरला जाई, तेव्हा नळावर बायका तिला हंडा लांब ठेवायला सांगत. हे ऐकून गद्रे बाजारच्या दिवशी यंत्र घेऊन आले. त्यांनी मासळीच्या टोपल्यांवर यंत्र धरून दाखवलं, मग हिराबायच्या टोपलीतले बोंबील तिथेच भाजायला लावून खाल्ले. एका दिवसात सगळं बदललं नाही, पण गिऱ्हाईक परत यायला लागलं. हा रोग नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे मुद्दाम इथे लिहून ठेवतो. जखमी माणसापासून लांब राहू नका. लांब राहायचं ते त्या वस्तूपासून.

माझ्यावर तीन शस्त्रक्रिया झाल्या. मेलेला भाग कापून काढला आणि स्किन ग्राफ्ट केलं, म्हणजे दुसऱ्या मांडीची कातडी काढून इथे लावली. पहिली कातडी धरली नाही. दुसरी अर्धी धरली. तिसऱ्या वेळी डॉक्टर पट्टी सोडताना मी डोळे मिटून घेतले होते. "बघा की," ते म्हणाले. "गुलाबी आहे." मी पाहिलं. आज त्या पायानं मी थोडा लंगडतो. थंडीत ती जागा ओढते.

नळांच्या कामावरच्या एका माणसाला वस्तू हरवल्याचं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नोकरी जाईल म्हणून तो गप्प बसला. मला त्याचा राग आला होता. पण मंडपात उतरण्यापूर्वी जीपमध्ये मीही तोच हिशेब करत होतो, हे मला विसरता येत नाही. हिराबायला तर चोरीचा आळ, गावाची बोलणी, सगळं दिसत होतं. तरी ती उभी राहिली. यंत्रानं ती वस्तू कधीतरी शोधलीच असती. पण तोवर बाळंतीण आणखी किती तास त्या कुडाला टेकून निजली असती? डॉक्टर, गद्रे, शालिनी, सगळ्यांचे उपकार आहेत. पण पहिले हिराबायचे.

बदलीचा अर्ज मी इस्पितळातूनच लिहून ठेवला होता. तो देण्याआधी एकदा गावात तोंड दाखवून यावं म्हणून गेलो. हिराबाय शाळा झाडत होती. ती म्हणाली, "पोरं तुमची वाट बगतान, मास्तर." एवढंच. अर्ज माझ्याकडेच राहिला.

दिवाळीनंतर शाळेत रुजू झालो. वर्गात वीस मुलं होती. दोघांच्या बापांनी त्यांना दुसऱ्या गावच्या शाळेत घातलं होतं. मंडपात माझ्या अंगावर आलेला बाप त्यातलाच एक. त्याला मी दोष देत नाही.

हजेरी झाल्यावर रेवा टेबलाजवळ आली. तिनं उजवा हात पुढे केला. अंगठ्याचं आणि बोटाचं टोक चकचकीत, गुळगुळीत झालं होतं, त्यावर रेषा नव्हत्या.

"मास्तर, मोठेपनी माजं बोट दुखंल काय?"

तोंडावर आलं होतं, छे गं, काही होत नाही. मुलांना आपण असंच सांगतो.

"मला ठाऊक नाही, रेवा," मी म्हणालो. "डॉक्टरीण बाईंनाही पक्कं ठाऊक नाही. पण दर सहा महिन्यांनी त्या बघणार आहेत. माझा पाय आणि तुझं बोट. आपण दोघं जाऊ."

तिनं हात मागे घेतला.

"बरं," ती म्हणाली, आणि जागेवर जाऊन तिनं पाटी काढली.